उमेदवारीची वेठ होऊ नये

‘उमेदवारी’ या शब्दाचा आज एकच अर्थ शिल्लक राहिला आहे, आणि तो निवडणुकीच्या तिकिटाशी निगडित आहे. एके काळी या शब्दाने वेगळाच बोध होत असे. वकिलाच्या कचेरीत, छापखान्यात, पेढीवर किंवा गिरणीच्या यंत्रशाळेत एखादा मुलगा उमेदवारी करतो असे म्हटले, की त्याला पगार नाही, असलाच तर नाममात्र आहे, परंतु तो धंदा शिकत आहे आणि उद्या त्या धंद्यात स्वतःच्या पायावर उभा राहणार आहे, हे ऐकणाऱ्यास निराळे सांगावे लागत नसे. हा लुप्तप्राय अर्थ आता पुन्हा व्यवहारात येऊ पाहत आहे, आणि तो सुतारकामात वा लेथ यंत्रावर नव्हे, तर ज्या धंद्याने पुण्या-मुंबईच्या मध्यमवर्गाची गेल्या तीस वर्षांत भरभराट केली त्या माहिती तंत्रज्ञानाच्या धंद्यात. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२० साली उमेदवारीसह पदवी अभ्यासक्रमांची मार्गदर्शक तत्त्वे काढली होती. २०२५ साली त्यांची नवी आवृत्ती काढून तीन वर्षांच्या पदवीत किमान एक व कमाल तीन सत्रे, आणि चार वर्षांच्या पदवीत दोन ते चार सत्रे विद्यार्थ्याने प्रत्यक्ष कामाच्या जागी काढावीत, अशी मुभा दिली. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाच्या अंमलबजावणीत महाराष्ट्रातील विद्यापीठांनीही कार्यप्रशिक्षणास श्रेयांक देऊ केले आहेत. यंदाच्या प्रवेशाच्या धामधुमीत ‘कमवा आणि पदवीही मिळवा’ अशा जाहिराती वाचकांच्या दृष्टीस पडल्या असतीलच.

या योजनेचे आम्ही स्वागत करतो. मात्र हे स्वागत बिनशर्त नाही, आणि त्याच्या शर्ती कोणत्या हे सांगण्यासाठीच आजचा हा अग्रलेख पहिल्या पृष्ठावर घेतला आहे.

प्रथम, हे शिक्षण वर्गात का पुरे होत नाही, हे स्पष्ट केले पाहिजे. अभियांत्रिकी महाविद्यालयात संगणकशास्त्र शिकणारा विद्यार्थी चार वर्षांत अनेक प्रोग्रॅम लिहितो. परंतु ते सर्व कोऱ्या पाटीवरचे असतात. प्रश्न प्राध्यापकांनी घातलेला, त्याचे उत्तर ठाऊक असलेले, आणि गुण मिळताच तो प्रोग्रॅम कायमचा विस्मृतीत जावयाचा. धंद्यातली परिस्थिती याच्या अगदी उलट आहे. तेथे नवशिक्याच्या पुढ्यात पहिल्या दिवशी येते ते दहा-पंधरा वर्षांपूर्वी दुसऱ्याच कोणी लिहिलेले, मधल्या काळात वीस जणांनी ठिगळे लावलेले, लाखो ओळींचे एक जंगल. त्यातील एक ओळ बदलली तर दुसऱ्या टोकाला काय मोडेल याचा अंदाज घेणे. आपण केलेला बदल सहकाऱ्याच्या नजरेखालून घालणे व त्याने काढलेल्या चुका रागावल्याशिवाय मान्य करणे. ग्राहकाला काय हवे आहे हे त्याचे त्यालाच नीट ठाऊक नसताना ते त्याच्याकडून काढून घेणे. आणि रात्री दोन वाजता एखाद्या बँकेचे व्यवहार थांबले असता डोके शांत ठेवून दोष शोधणे, हे या धंद्याचे खरे पाठ होत. ते फळ्यावर लिहून शिकवता येत नाहीत. पोहणे जसे काठावर बसून येत नाही, तशातलाच हा प्रकार आहे.

महाविद्यालये याला ‘अंतिम वर्षाचा प्रकल्प’ हे उत्तर देतात. या प्रकल्पांची स्थिती काय आहे हे पुण्यातील कोणत्याही महाविद्यालयाच्या आसपास चौकशी केली तर समजेल. अहवालासह, बांधणीसह, तोंडी परीक्षेत विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांच्या उत्तरांसह तयार प्रकल्प विकणारी दुकाने उघड चालतात. विद्यार्थी ते विकत घेतात, प्राध्यापकांस ते माहीत असते, आणि परीक्षक चहा घेऊन सही करतात. दोष एकट्या विद्यार्थ्याचा नाही. ज्या कामाचा कोणासही उपयोग नाही, ते काम प्रामाणिकपणे करण्याची प्रेरणा विसाव्या वर्षी कोठून यावी?

परंतु याची दुसरीही बाजू आहे, आणि कारखानदारांच्या सभांतून ती सहसा ऐकू येत नाही. ‘आम्हांला पुस्तकी मुले नकोत, कामाची मुले हवीत’ असे तेथे टाळ्यांच्या गजरात सांगितले जाते. कामाची म्हणजे आजच्या कामाची, हे मात्र सांगितले जात नाही. १९६८ साली टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसची स्थापना झाली तेव्हा माहिती भोके पाडलेल्या कार्डांवर साठवली जात असे. तो कोबोलचा काळ होता; पुढे सी आले, नव्वदीच्या दशकात जावा आले, मग इंटरनेट, मोबाइल आणि क्लाउड आले; आता यंत्र स्वतःच प्रोग्रॅम लिहू लागले आहे. ज्याने केवळ हत्यार शिकले तो हत्याराबरोबर मोडीत निघाला. ज्याने गणित, आज्ञाक्रमांचे शास्त्र, संगणकाची अंतर्रचना, माहितीसाठ्याची मांडणी आणि जाळ्यांची तत्त्वे मन लावून शिकली, तो एका हत्यारावरून दुसऱ्यावर सहज गेला. हे दुसरे ज्ञान कामाच्या घाईत मिळत नाही. त्याला स्वस्थता लागते, गुरू लागतो, चुकण्याची मोकळीक लागते. थोडक्यात, वर्ग लागतो. म्हणून वर्ग की कारखाना हा वादच आम्हांस खोटा वाटतो. दोहोंची सांगड कशी घालावी, आणि ती घालताना त्याची किंमत कोणी मोजावी, हा खरा प्रश्न आहे.

ही कल्पना नवी नाही. अमेरिकेतील सिनसिनाटी विद्यापीठात हर्मन श्नायडर यांनी १९०६ साली अभियांत्रिकीचे विद्यार्थी आळीपाळीने वर्गात आणि कारखान्यात पाठवावयास सुरुवात केली. कॅनडातील वॉटर्लू विद्यापीठ १९५७ साली याच पायावर उभे राहिले आणि चार महिने वर्ग, चार महिने काम या क्रमाने आज संगणकक्षेत्रात जगप्रसिद्ध झाले आहे. आपल्याकडेही कर्मवीर भाऊराव पाटील यांच्या ‘कमवा व शिका’ योजनेने हजारो खेडुतांच्या मुलांना पदवीपर्यंत नेले. मात्र हे दोन्ही प्रकार एक समजणे चुकीचे होईल. कर्मवीरांच्या योजनेत काम हे शिक्षणाचा खर्च भागविण्याचे आणि श्रमाविषयीची लाज घालविण्याचे साधन होते. येथे काम हेच शिक्षणाचा विषय आहे.

या बाबतीत जर्मनीचा दाखला सर्वांत अधिक दिला जातो, आणि तो अर्धवट दिला जातो. म्हणून त्याचा तपशील थोडा विस्ताराने देणे आवश्यक वाटते. जर्मनीने १९६९ साली व्यवसायशिक्षणाचा कायदा करून उमेदवारीची जुनी पद्धत देशभर एका चौकटीत बसवली. १९९७ साली, म्हणजे इंटरनेटचा धंदा बाल्यावस्थेत असतानाच, तेथील मालक, कामगार संघटना आणि सरकार यांनी एकत्र बसून माहिती तंत्रज्ञानाचे चार नवे उमेदवारी-व्यवसाय निश्चित केले. त्यांपैकी ‘फाखइन्फॉर्माटिकर’ हा आज अत्यंत लोकप्रिय आहे. उमेदवार तीन वर्षे कंपनीत काम करतो, आठवड्यातून एक-दोन दिवस किंवा सलग काही आठवडे व्यवसायशाळेत जातो, आणि त्याला या सर्व काळात कराराने ठरलेले वेतन मिळते. त्याची परीक्षा कंपनी घेत नाही आणि शाळाही घेत नाही. ती त्या जिल्ह्याचे उद्योग व व्यापार मंडळ घेते. परिणामी ते प्रमाणपत्र देशातील कोणत्याही शहरात चालते. ते एका मालकाच्या मर्जीचे प्रशस्तिपत्र राहत नाही. पदवीच्या पातळीवरही १९७४ साली स्टुटगार्ट आणि मानहाइम येथे याच तत्त्वावर ज्या संस्था निघाल्या, त्यांचे २००९ साली बाडेन-व्युर्टेम्बर्ग प्रांताच्या द्विमार्गी विद्यापीठात रूपांतर झाले. तेथील विद्यार्थी सुमारे तीन महिने वर्गात व तीन महिने कंपनीत असा तीन वर्षे ये-जा करतो, आणि वर्गात बसलेल्या महिन्यांचेही वेतन कंपनीच देते.

यातील महत्त्वाची गोष्ट कोणती? आठवड्याचे वाटप नव्हे, आणि श्रेयांकांचा हिशेबही नव्हे. कंपनी खर्च करते, कामगार संघटना अभ्यासक्रमाच्या आखणीत बसतात, आणि परीक्षा त्रयस्थाच्या हाती असते, ही ती गोष्ट होय. आपले मंत्री आणि कुलगुरू जर्मनीच्या दौऱ्यावरून परत येतात तेव्हा त्यांच्या सामानात आठवड्याच्या वाटपाचे कोष्टक तेवढे असते. बाकीच्या तिन्ही वस्तू विमानतळावरच राहतात असे दिसते. जर्मन पद्धत निर्दोष आहे असेही नाही. तेथे दहाव्या-अकराव्या वर्षीच मुलांच्या वाटा बऱ्याच अंशी वेगळ्या होतात, आणि कोणाचे मूल कोणत्या वाटेला लागले याचा संबंध पालकांच्या परिस्थितीशी असतो. जातीने धंदा ठरविण्याचा इतिहास असलेल्या आपल्या समाजाने हा भाग न उचललेला बरा.

आता स्वदेशी परिस्थिती पाहू. आपला शिकाऊ उमेदवार कायदा १९६१ चा, म्हणजे जर्मनीच्या कायद्याहूनही आठ वर्षांनी जुना. अभियांत्रिकीचे पदवीधर व पदविकाधारक त्याच्या कक्षेत १९७३ च्या दुरुस्तीने आले. २०१४ च्या दुरुस्तीने कंपन्यांना स्वतःचे प्रशिक्षण-व्यवसाय आखण्याची मुभा देऊन माहिती तंत्रज्ञानासारख्या क्षेत्रांची वाट मोकळी केली. तीस किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांनी आपल्या मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के उमेदवार घेतले पाहिजेत, असे २०१९ च्या नियमांनी ठरविले. केंद्र सरकार २०१६ पासूनच्या राष्ट्रीय प्रोत्साहन योजनेतून विद्यावेतनाचा चौथा हिस्सा, दरमहा दीड हजार रुपयांच्या मर्यादेत, स्वतः उचलते. पदवीधरांच्या योजनेत तर निम्मा. कायदा आहे, मंडळे आहेत, अनुदान आहे. असे असूनही देशाच्या कामकरी लोकसंख्येत शिकाऊ उमेदवारांचे प्रमाण शेकडा एकही नाही.

याचे कारण शोधण्यास फार दूर जावे लागत नाही. २०१४ च्या दुरुस्तीने कायदा मोडणाऱ्यास होणारी कैद रद्द केली आणि प्रत्येक न भरलेल्या जागेमागे पहिले तीन महिने दरमहा पाचशे व पुढे हजार रुपये दंड ठेवला. कैदेच्या धाकाने शिक्षण होत नाही हे आम्हांस मान्य आहे. परंतु उमेदवार घेऊन शिकविण्यापेक्षा न घेता दंड भरणे जेथे स्वस्त पडते, तेथे हिशेबी मालक काय करील हे सांगावयास अर्थशास्त्रज्ञ नको. शिवाय याच कायद्यानुसार उमेदवार हा प्रशिक्षणार्थी आहे, कामगार नाही; कामगार कायद्यांचे संरक्षण त्याला लागू होत नाही आणि मुदत संपल्यावर त्याला नोकरी देण्याचे बंधन मालकावर नाही. ही तरतूद शिकविणाऱ्या मालकाच्या सोयीसाठी योग्यच आहे. पण जो शिकवीत नाही, आणि उमेदवाराकडून पूर्ण कामगाराचे काम करून घेतो, त्याच्या हाती हीच तरतूद वेठबिगारीचा परवाना ठरते.

ही भीती काल्पनिक नाही. माहिती तंत्रज्ञानाच्या धंद्यात नवशिक्याचा वार्षिक पगार गेली दहा-पंधरा वर्षे साडेतीन लाखांच्या आसपास घुटमळत आहे. या काळात घरभाडे, प्रवास आणि महाविद्यालयांचे शुल्क कोठल्या कोठे गेले. पदवीधरासाठी किमान विद्यावेतन २०१९ च्या नियमांनी नऊ हजार ठरविले. मे २०२५ मध्ये केंद्रीय परिषदेने ते बारा हजार तीनशेपर्यंत नेण्याची शिफारस केली. हिंजवडीत एका खोलीतील एक खाट आणि दोन वेळचा डबा यांचा खर्च ज्याला माहीत आहे, त्याला या आकड्यांवर भाष्य करण्याची आवश्यकता नाही. कंपनीला साडेतीन लाखांच्या नोकराऐवजी लाख-सव्वा लाखाचा उमेदवार मिळाला, त्यातलाही काही भाग सरकारने भरला, आणि वर्षाअखेर त्याला निरोप देऊन नवा घेता आला, तर नोकरभरतीचेच नाव उमेदवारी होईल.

सरकारच्या स्वतःच्या योजनांचा अनुभवही सावध करणारा आहे. राज्याच्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत २०२४ पासून बारावी, आयटीआय-पदविका व पदवी यांच्यासाठी अनुक्रमे सहा, आठ व दहा हजार रुपये विद्यावेतन ठरले. प्रशिक्षणार्थी मोठ्या संख्येने सरकारी कचेऱ्यांतच नेमले गेले. तेथे त्यांना कोणी काय शिकवावे याची आखणी नव्हती. रिकाम्या जागांवरचे काम मात्र होते. सहा महिन्यांची मुदत पुढे अकरा महिन्यांवर नेण्यात आली, आणि ती संपताच कायम करा म्हणून आंदोलने झाली. त्या तरुणांस आम्ही दोष देत नाही. ज्याला शिकविले जात नाही आणि ज्याच्याकडून काम घेतले जाते, तो स्वतःस नोकर समजला तर त्यात त्याची चूक ती काय? केंद्राच्या पंतप्रधान इंटर्नशिप योजनेची कथा याच्या उलट टोकाची. दरमहा पाच हजारांच्या या योजनेच्या पहिल्या फेरीत तरुणांस ८२ हजारांहून अधिक जागा देऊ करण्यात आल्या, त्यांपैकी सुमारे २८ हजारांनीच त्या स्वीकारल्या. घरापासून दूर, पाच हजारांत राहावयाचे कसे, आणि वर्षाअखेर हाती काय पडणार, हा साधा प्रश्न त्यांनी विचारला असला पाहिजे.

तथापि आपल्याकडे चांगली उदाहरणेच नाहीत असे म्हणणे अन्यायाचे होईल. विप्रोने १९९५ पासून पिलानीच्या बिर्ला संस्थेच्या साहाय्याने विज्ञानाच्या पदवीधरांना नोकरीत ठेवून उच्च पदवी देण्याचा उपक्रम चालविला. झोहो या कंपनीने २००४-०५ च्या सुमारास तमिळनाडूत बारावी व पदविका झालेल्या मुलांसाठी स्वतःची शाळा काढली. तेथे शुल्क नाही, उलट विद्यावेतन मिळते, आणि पुढे तेन्काशीसारख्या गावातही ती गेली. एचसीएलने २०१७ पासून बारावीनंतर वर्षभर प्रशिक्षण, मग नोकरी आणि तिच्याबरोबर पदवी असा मार्ग आखला. या उपक्रमांतून हजारो सामान्य घरांतील मुले या धंद्यात आली, हे मान्य करावयास हवे. मात्र त्यांत एक उणीव समान आहे. अभ्यासक्रम, काम आणि पारख ही तिन्ही बहुतांशी एकाच मालकाच्या मुठीत आहेत. त्या मालकाची मर्जी फिरली किंवा धंदा मंदावला, तर मुलाच्या हातात बाजारात चालेल असे त्रयस्थाचे नाणे कोणते?

आणि धंदा मंदावला आहे. जुलै २०२५ मध्ये टाटा कन्सल्टन्सीने आपल्या मनुष्यबळाच्या सुमारे दोन टक्के, म्हणजे बारा हजारांच्या घरात, कर्मचारी कमी करण्याचे जाहीर केले, तेव्हा पुण्यातील अनेक घरांत त्या रात्री झोप लागली नसेल. त्याहून गंभीर बदल मात्र वृत्तपत्रांच्या मथळ्यांत येत नाही. नवशिक्याला दिली जाणारी जी कामे असत, लहान दुरुस्त्या, चाचण्या लिहिणे, जुन्या मजकुराचे भाषांतर, ती आता कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने क्षणार्धात करतात. नवशिकी माणसे हीच कामे करत करत जाणती होत असत. शिडीची पहिली पायरीच काढून घेतली तर दहा वर्षांनी वरच्या पायरीवर कोण उभा असेल? आज यंत्राने लिहिलेल्या प्रोग्रॅममधील चूक जो ओळखतो, तो ती ओळखावयास कधी तरी स्वतः चुकून शिकलेला आहे. अशा वेळी नवशिक्याला मुद्दाम, खर्च करून, काम देऊन शिकविणे हा दानधर्म राहत नाही. ते उद्योगाच्या स्वतःच्या उद्याचे बियाणे आहे. पण बियाणे एकाने पेरावे आणि पीक शेजाऱ्याने पळवावे, ही या धंद्याची जुनी खोड आहे. शिकविलेला मुलगा वर्षभरात दुसरीकडे जातो, म्हणून कोणीच शिकवत नाही, आणि मग सगळेच कुशल माणसे मिळत नाहीत म्हणून रडतात. या कोंडीतून एकटी कंपनी बाहेर पडू शकत नाही. त्यासाठी सर्वांवर सारखे बंधन लागते. ब्रिटनने २०१७ पासून वर्षाला तीस लाख पौंडांवर पगार वाटणाऱ्या मालकांकडून त्यावरील रकमेचा अर्धा टक्का उमेदवारीसाठी आकारावयास सुरुवात केली, ती याच कारणासाठी. आपल्याकडे अशा आकारणीचा विचार होण्यास काय हरकत आहे, हे उद्योगमंडळांनी सांगावे.

यावर कंपन्यांचा एक आक्षेप विचारात घेण्याजोगा आहे. परदेशी ग्राहकांची गोपनीय माहिती शिकाऊ मुलांपुढे ठेवता येत नाही. करारच तशी परवानगी देत नाहीत. हे खरे आहे. परंतु प्रत्येक कंपनीत तिची स्वतःची अंतर्गत कामे असतात, खोट्या माहितीवर चालविण्याच्या चाचण्या असतात, आणि जगभर सर्वांना खुली असलेली सॉफ्टवेअरेही असतात, ज्यांत विद्यार्थ्याने केलेली दुरुस्ती अनोळखी तज्ज्ञ बारकाईने तपासतात. आमच्या मते महानगरपालिकांच्या संगणक विभागांतही अशा उमेदवारांस भरपूर काम आहे. अट एकच, की त्यांना शिकविणारा अनुभवी माणूस तेथे असावा. पाणीपट्टीच्या संकेतस्थळाशी ज्यांनी झुंज दिली आहे, ते वाचक या सूचनेस विरोध करणार नाहीत.

प्राध्यापकवर्गाचा आक्षेप निराळा आहे: विद्यापीठ हे कंपन्यांचे भरतीकेंद्र नव्हे. त्याच्याशी आम्ही तत्त्वतः सहमत आहोत. पण मग विद्यापीठाने उमेदवारीच्या सत्रात विद्यार्थ्यास वाऱ्यावर सोडता कामा नये. आज बऱ्याच ठिकाणी असे चालते, की मुलगा सहा महिने कंपनीत असतो, त्या काळात महाविद्यालय त्याला एक तासही शिकवत नाही, आणि शुल्क मात्र पूर्ण घेते. कंपनीकडून मिळणारे विद्यावेतन एका हाताने घ्यावयाचे आणि दुसऱ्या हाताने ते महाविद्यालयाच्या खिडकीत भरावयाचे, याला ‘कमवा व शिका’ म्हणणे ही कर्मवीरांची विटंबना आहे. उमेदवारीच्या सत्रात आठवड्याचा निदान एक दिवस वर्गासाठी राखावा, त्या दिवशी कंपनीने कामावर बोलावू नये, आणि महाविद्यालयाने जेवढे शिकविले तेवढेच शुल्क घ्यावे. ज्या प्राध्यापकांनी आयुष्यात कधी कारखान्यातील संगणक पाहिला नाही, त्यांनाही एखाद्या सुट्टीत तेथे पाठवावे. उद्योगातील अनुभवी माणसांना प्राध्यापक म्हणून नेमण्याची मुभा अनुदान आयोगाने २०२२ साली मंजूर पदांच्या दहा टक्क्यांपर्यंत दिलीच आहे.

आमच्या वाचकांशीही या निमित्ताने दोन शब्द स्पष्ट बोलले पाहिजेत. आयटीआयमध्ये ‘कोपा’ म्हणून ओळखला जाणारा संगणक चालकाचा अभ्यासक्रम कित्येक वर्षे आहे. तेथे आपल्यापैकी किती जणांनी आपला मुलगा पाठविला? कामातून शिकण्याचे कौतुक आपण व्याख्यानमालेत करतो, आणि घरी आल्यावर पुतण्याने पदविका निवडली म्हणून वहिनींचे सांत्वन करतो. द्विमार्गी शिक्षण हे ज्यांना अभियांत्रिकीस प्रवेश मिळाला नाही त्यांच्यासाठीच, असे एकदा ठरले, की कंपन्याही त्या मुलांना तसेच वागवतील, आणि नांदेड-गोंदियाहून आलेल्या मुलाच्या वाट्याला दुय्यम काम, दुय्यम विद्यावेतन आणि दुय्यम पदवी येईल. शहरातील मुलगा आईच्या हातचे जेवून नऊ हजारांत उमेदवारी करू शकतो. गोंदियाची मुलगी करू शकत नाही. तिच्यासाठी वसतिगृह नसेल, तर ही योजना पुणे-मुंबईच्या महापालिका हद्दीपुरतीच आहे, असे सरकारने प्रामाणिकपणे जाहीर करावे.

राहिला परीक्षेचा प्रश्न, आणि आमच्या दृष्टीने तोच सर्वांत निकडीचा आहे. पुण्यात १९३४ साली स्थापन झालेले मराठा चेंबर आहे, मुंबईत व्यापारी मंडळे आहेत, आणि आता राज्याचे स्वतंत्र कौशल्य विद्यापीठही आहे. या तिघांनी मिळून माहिती तंत्रज्ञानाच्या उमेदवारीची एक सामाईक परीक्षा सुरू करावी. ती कागदावरची नसावी. उमेदवाराने वर्षभरात प्रत्यक्ष केलेले काम त्याने दोन परक्या कंपन्यांतील अनुभवी अभियंत्यांपुढे आणि एका प्राध्यापकापुढे समजावून द्यावे, त्यांनी त्याला त्यातील एखादा भाग समोर बसून बदलावयास सांगावा, आणि कृत्रिम बुद्धिमत्तेचे साधन वापरून केलेले काम असेल तर त्यातील चुका दाखवावयास सांगाव्यात. अशा परीक्षेचा दाखला असलेल्या मुलास पहिल्या मालकाने ठेवले नाही तरी दुसरा घेईल.

प्रवेशाच्या अखेरच्या फेऱ्या अजून व्हावयाच्या आहेत. ज्या महाविद्यालयांनी उमेदवारीसह पदवीची जाहिरात केली आहे, त्यांनी कोणत्या कंपनीशी करार झाला, किती जागांचा, विद्यावेतन किती, कंपनीत शिकविणाऱ्या व्यक्तीचा हुद्दा व अनुभव काय, आणि उमेदवारीच्या सत्राचे शुल्क किती, हा मजकूर फेरीपूर्वी आपल्या फलकावर लावावा. तंत्रशिक्षण संचालनालयाने तसा आदेश काढणे कठीण नाही. तो निघेपर्यंत पालकांनी प्रवेशाच्या खिडकीपाशी पैसे भरण्यापूर्वी हे पाच प्रश्न लेखी विचारावेत, आणि उत्तर लेखीच घ्यावे.